उड्यांचा बाजार

लास व्हेगास हें शहर द्यूतगृहांकरितां जगभर प्रसिद्ध आहे. परंतु मुलांबाळांसह तेथें गेलेल्या प्रवाशास त्या झगमगाटापेक्षां निराळें असें एक स्थळ पाहावयास मिळतें. एका शनिवारीं आमचा पुतण्या व त्याचा सात वर्षांचा मुलगा यांच्यासह आम्ही तेथील एका उड्यांच्या दालनांत गेलों.

बाहेरून वखार, आंत मात्र आखाडा! जमिनीऐवजीं स्प्रिंगांवर ताणलेले चिवट पट एकास एक लागून पसरलेले, आणि त्यांवर मुलें चेंडूसारखीं उसळत होतीं. तिकीट तासाच्या हिशेबानें. तळाशीं रबरी ठिपके असलेले मोजे निराळे विकत घ्यावयाचे.

या साधनाचा इतिहास मौजेचा आहे. जॉर्ज निसेन या कसरतपटूनें १९३४ सालीं आयोवा विद्यापीठांत लॅरी ग्रिसवोल्ड यांच्या साह्यानें तें तयार केलें, आणि पुढें एका स्पॅनिश शब्दावरून त्यास ‘ट्रँपोलिन’ हें नांव दिलें. १९६० च्या सुमारास पैसे घेऊन उड्या मारूं देणारीं मैदानें अमेरिकेंत ठिकठिकाणीं निघालीं. पण अपघात वाढले, विमा परवडेना, आणि तीं लवकरच बंद पडलीं. २००४ सालीं रिक प्लॅट यांनीं याच लास व्हेगासमध्यें एका नव्या सांघिक खेळासाठीं दालन बांधलें. खेळ रुजला नाहीं. परंतु आसपासच्या पोरांस नुसत्या उड्याच हव्या होत्या. त्यांतून ‘स्काय झोन’ ही दालनांची मालिका जन्मास आली.

दालन भरलेलें असो वा रिकामें, भाडें, विमा व नोकरांचे पगार चुकत नाहींत. म्हणून चालक वाढदिवसांचे समारंभ घेतात, महिन्याचे पास विकतात. पुष्कळ दालनांचा मालक स्थानिक गृहस्थ असतो. नांव व पद्धति वापरण्याबद्दल तो मूळ कंपनीस विक्रीचा हिस्सा देतो.

आंत सोडण्यापूर्वीं पालकाची सही घेतात: इजा झाल्यास फिर्याद करणार नाहीं. पुतण्या न वाचतांच सही करूं लागला, तेव्हां आम्हीं त्याचा हात धरला. “काका, सगळेच करतात,” तो म्हणाला. केंटकी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें २०१९ सालीं, मुलाचा हक्क आईबापांनीं अशा सहीनें धंदेवाईक दालनास सोडून देणें अग्राह्य ठरविलें; पण प्रत्येक राज्याचा कायदा निराळा. शिवाय बहुतेक इजा एका पटावर अनेकजण असतांना होतात व त्यांत लहान मूल अधिक सांपडतें, असा इशारा अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनें २०१२ सालीं दिलेला आहे.

नातवाचे डोळे आंतल्या गर्दीकडे लागले होते. त्यास परत नेणें आमच्यानें झालें नाहीं. अखेर सही झाली, पण अट घालून: एका पटावर एकट्यानेंच उडावयाचें, दुसरा कोणी आला कीं उतरावयाचें.

दालनानें कागदावर जी जबाबदारी आपल्या अंगावरून झटकली, ती कोणीतरी उचलणें प्राप्तच होतें. म्हणून तो तासभर आम्ही दोघे कठड्याशीं उभे राहिलों.