एका सहीच्या फोटोस

ग्रँड ॲडमिरल कार्ल डोनिट्झच्या सहीच्या फोटोस,

सा. न. वि. वि. हा मायना तुला लिहिताना पेन अडखळतंय. तरी सह्या जमवणाऱ्याने फोटोशी नाही बोलायचं, तर कोणाशी?

परवा एका विक्रेत्याने तुला पाकिटातून काढून माझ्यापुढे ठेवलं. कडक गणवेश, गळ्यात नाइट्स क्रॉस, नजर दूरवर. "युद्धातला आहे," तो म्हणाला. मी भिंग लावलं. फोटो युद्धातला खरा, पण सही स्केचपेनची! असली पेनं आली १९६०च्या दशकात. म्हणजे सही झाली तेव्हा गणवेश कधीच उतरला होता. न्यूरेंबर्गच्या युद्धगुन्ह्यांच्या खटल्यात झालेली दहा वर्षांची शिक्षा भोगून हिटलरच्या नौदलाचा हा माजी प्रमुख १ ऑक्टोबर १९५६ला स्पांडाऊच्या तुरुंगातून सुटला होता आणि हँबुर्गजवळच्या आउम्यूले गावी राहून चाहत्यांच्या पत्रांना उत्तरं देत होता.

आमच्या छंदात अशा सहीचा भाव कमी. हिटलरचा सेनानी रोमेल याची महाग, कारण १४ ऑक्टोबर १९४४ला तो गेलाच. म्हातारपणी सह्या करत बसणं त्याच्या वाट्याला आलं नाही. मला मात्र तुझी ही उशिराची शाईच बोलकी वाटते. 'मी साधा दर्यावर्दी, राजकारणाशी माझा काय संबंध' हे डोनिट्झचं पालुपद घेऊन तुझ्यासारखे फोटो टपालाने घरोघर गेले. तुझ्यात गोदीतले कैदी दिसत नाहीत. जहाजबांधणीला छळछावण्यांतले १२,००० कैदी लावावेत, ही त्याची शिफारस न्यूरेंबर्गच्या निकालपत्रात नोंदलेली आहे. जर्मन पाणबुड्यांवर गेलेल्या सुमारे ४०,००० जणांपैकी जवळजवळ ३०,००० परतले नाहीत, तेही दिसत नाहीत. त्यांत त्याचा धाकटा मुलगा पेटरही होता.

तरीही तुला घेतलंच. फाडणार नाही, भिंतीवर लावणार नाही. तुझ्या पाठीवर पेन्सिलीने सहीचा खरा काळ लिहिलाय आणि त्याखाली १२,००० हा आकडा. मागे काही खरडलं की किंमत उतरते, असं विक्रेता कळवळून सांगत होता. उतरू दे.

लोभ आहेच, तो वाढू नये ही विनंती.

कळावे,
एक संग्राहक