आषाढ-श्रावणाची पानं

गावातला एखादा जुना दुकानदार गेला, की वसईत आजही आजूबाजूची दुकानं त्या दिवशी अर्ध्यावर बंद होतात. मग शोकसभा होते. वर्षश्राद्ध किंवा ख्रिस्ती घरातली वर्षाची मिस्सा जवळ आली, की घरातलं कुणीतरी स्मरणिकेचा विषय काढतं. सोळा-वीस पानांची पुस्तिका, मुखपृष्ठावर हार घातलेला फोटो, आत नातवंडांची पत्रं आणि सुरुवातीला एक मोठा लेख. तो मोठा लेख लिहायला ज्यांना बोलावलं जातं, त्यांच्यापैकी प्रस्तुत लेखक एक. हे काम तो बरीच वर्षं करतो आहे आणि मन लावून करतो आहे.

या कामाची एक तयार भाषा आहे. दानशूर, मनमिळाऊ, सदा हसतमुख, कधीही भरून न येणारी पोकळी. यातला एकही शब्द खोटा नसतो. घरच्यांचं दुःख ताजं असताना तेवढ्यावर भागतंही. पण त्या शब्दांत माणूस दिसत नाही. दहा स्मरणिका शेजारी शेजारी मांडून फोटो झाकले, तर कोणता लेख कुणावरचा हे लिहिणाऱ्यालाही सांगता येणार नाही. व्यापाऱ्याच्या बाबतीत ही अडचण जास्तच. शिक्षकाच्या मागे विद्यार्थी राहतात, कवीच्या मागे कविता, पुढाऱ्याची भाषणं वर्तमानपत्रात सापडतात. भुसारी दुकानदाराचं आयुष्य पुड्या बांधण्यात जातं आणि पुडीचा कागद त्याच संध्याकाळी चुलीत जातो.

मग त्याला शोधायचं कुठे? लेखकाला याचं उत्तर एका चुकीतून मिळालं.

बाजारपेठेतल्या एका भुसारी दुकानदारावरच्या लेखात त्याने सुरुवातीलाच लिहिलं होतं, की शेठच्या दारातून कुणी कधी रिकाम्या हाताने परत गेलं नाही. स्मरणिका निघाली, कार्यक्रम झाला, आणि चहाच्या वेळी कोळीवाड्यातली एक वयस्कर बाई लेखकाजवळ आली. "भाऊ, तुम्ही लिवलंय ते बरोबर नाय," ती म्हणाली. "मला त्यांनी तीनदा परत लावलं होतं." नवरा पिणारा. दुकानात नवऱ्याच्या नावाचं खातं होतं. धान्य घ्यायला बाई यायची आणि त्याच खात्यावर नवरा पैसेही उचलून न्यायचा. शेठने ते खातं बंद केलं आणि चौथ्या खेपेला बाईच्या स्वतःच्या नावाचं वेगळं पान काढलं. त्या पानावर फक्त धान्य मिळेल, रोख नाही, आणि फेडही तिच्याच हातून घेतली जाईल. "माजं नाव कंदी कुटं लिवलं नव्हतं," बाई म्हणाली, "ते त्या वहीत लिवलं."

लेखकाच्या साऱ्या लेखात या एका गोष्टीएवढं वजन कशालाच नव्हतं, आणि तीच त्यात नव्हती. उलट त्याच्या गोड वाक्याने ती खोडूनच टाकली होती. दुकानदाराच्या 'नाही'मध्ये किती विचार होता, हे 'रिकाम्या हाताने परत गेलं नाही' असं लिहिलं की पुसलं जातं.

दुसऱ्या दिवशी तो त्या घरी गेला आणि जुन्या वह्या बघायला मागितल्या. माळ्यावरून एक पेटी खाली आली. लाल कापडाच्या लांबट वह्या, दोऱ्याने बांधलेल्या. कोपरे उंदरांनी कुरतडलेले, पण आतला कागद शाबूत. प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर श्री, स्वस्तिक, शुभ-लाभ, कुंकवाचं वाळलेलं बोट. 1978ची वही उघडली तर चौऱ्याहत्तराव्या पानावर त्या बाईचं नाव. वर अमक्याची बायको असं काही नाही. तिचं नाव, तिच्या बापाचं नाव, आणि खाली रकाने: तांदूळ 5 किलो, तूरडाळ अर्धा किलो, गूळ, गोडेतेल, मीठ. जमेची बाजू जवळजवळ महिनाभर कोरी, मग एकदम दोन रुपये, मग पाच, मग पुन्हा दोन.

ही कोरी जागा वाचायला शिकावी लागते. भुसाऱ्याची वही दिवाळीत वहीपूजनापासून सुरू होते, त्यामुळे पावसाळा वहीच्या शेवटच्या भागात येतो. कार्तिक ते फाल्गुन पानं नीट चालतात. भात झोडून घरात आलेलं असतं, होड्या समुद्रात असतात, मिठागरांवर काम सुरू झालेलं असतं, नाताळासाठी मैदा-साखर रोखीने उचलली जाते. ज्येष्ठ लागला की होड्या किनाऱ्याला ओढल्या जातात त्या नारळी पौर्णिमेपर्यंत. मिठागरं पाण्याखाली जातात. शेतकऱ्याचा पैसा बियाण्यात आणि मजुरीत अडकतो. पाचूबंदरापासून नायगावपर्यंत आणि बागायतीच्या वाड्यांपासून डोंगराकडच्या पाड्यांपर्यंत आषाढ-श्रावणाचे दोन महिने हातात नाणं नसतं. म्हणून दुकानदार कसा होता हे बघायचं असेल तर त्याच्या वहीतली आषाढ-श्रावणाची पानं बघावीत. काही वह्यांत ती जवळजवळ रिकामी असतात, म्हणजे उधार थांबलेलं. काही वह्यांत ती भरगच्च असतात.

या शेठच्या वहीत ती भरलेली होती. आणि इथे धंद्याचा हिशेब विसरून चालत नाही. हा माल फुकट आलेला नव्हता. मुंबईत दाणाबंदरच्या आडत्याकडून तो यायचा. आडत्याला वसईचा पाऊस ठाऊक नसतो, त्याची रक्कम ठरल्या मुदतीत पोचवावी लागते. म्हणजे दोन महिने शेकडो घरांचं जेवण एका माणसाच्या भांडवलावर उभं होतं आणि ते भांडवल फार मोठं नव्हतं. दिवाळीच्या तोंडावर वसुली होई, काही खाती बुडीत जात. बुडीत खात्यावर शेठ तिरकी रेघ मारत आणि पुढे बारीक अक्षरात लिहीत: 'वारला', 'गाव सोडून गेला', 'मुलगा लहान'. शेवटचे दोन शब्द वाचल्यावर लेखकाने वही मिटली आणि बराच वेळ उघडली नाही.

लेखक या उधारीला दान म्हणत नाही. त्यात नफा होता, भावात उधारीचा थोडा अंशही धरलेला होता आणि तो धरणं रास्तच होतं. धंदा बुडवून केलेली मदत दुसऱ्या वर्षी उरत नाही. लहान गावातल्या व्यापाऱ्याचा मोठेपणा हाच, की तो पुढच्या आषाढातही दुकान उघडं ठेवतो.

वसईने ही गोष्ट संस्थेच्या रूपातही पाहिली आहे. 1918 साली मॉन्सिनियर पी. जे. मोनिस या धर्मगुरूंनी बॅसिन कॅथॉलिक सहकारी बँकेची स्थापना केली. सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा 1904चा आणि त्यात दुरुस्ती होऊन आलेला 1912चा, म्हणजे ही कल्पनाच तेव्हा कोवळी होती. सावकाराच्या व्याजात सापडलेल्या शेतकऱ्याला आपल्याच माणसांच्या ठेवीतून कर्ज मिळावं, हा तिचा गाभा. शंभर वर्षांहून अधिक काळ ती बँक उभी आहे. अशा बँकांच्या अर्जावर एक जागा असते, 'जामीनदार'. स्मरणिकेसाठी लोक मोठ्या अभिमानाने सांगतात, की आमचे वडील अमुक संस्थेचे संचालक होते, तमुक देवळाचे विश्वस्त होते. लेखक ते लिहून घेतो आणि मग विचारतो, "जामीन किती जणांना राहिले होते?" पदं मिरवता येतात. जामीन राहणाऱ्याला मात्र दुसऱ्याची मुदत चुकली की आपलं घर पुढे करावं लागतं. या प्रश्नाचं उत्तर मुलांपेक्षा बायकोला जास्त माहीत असतं. रात्री झोप तिचीही उडालेली असते.

या कामासाठी लेखकाने ज्या एका आयुष्याचा पुन्हा पुन्हा अभ्यास केला, ते वसईचं नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांचं आहे. जन्म 20 जून 1869, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. त्यांचे पुतणे शं. वा. किर्लोस्कर यांनी 'यांत्रिकाची यात्रा' या नावाने त्यांचं चरित्र लिहिलं. पुढे उद्योग एवढा मोठा झाला, की त्यांना छोट्या गावचा व्यापारी म्हणायला जीभ अडखळते. पण सुरुवात बेळगावच्या सायकलच्या दुकानापासून आहे. मुंबईत शिक्षकाची नोकरी करताना बढती डावलली गेली, म्हणून ते परत आले. लोखंडी नांगर केला तर शेतकरी घेईनात. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी समजूत. नांगर दोन वर्षं पडून राहिले. 1910मध्ये बेळगावच्या नगरपालिकेने जागा सोडायला सांगितली, तेव्हा औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा 32 एकरांचा माळ दिला आणि तिथे किर्लोस्करवाडी झाली.

सामान्य गौरवलेखात या माळाचं 'नंदनवन' होऊन विषय संपतो. पण त्या वाडीतली एक गोष्ट त्यापेक्षा खूप जास्त सांगते. कारखान्याच्या राखणीला लक्ष्मणरावांनी शिक्षा भोगून आलेली माणसं ठेवली: तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग. ज्यांना कुणी दारात उभं करत नव्हतं, त्यांच्या हातात सगळ्या वाडीची रात्र दिली. 'ते माणसांवर विश्वास ठेवत' हे वाक्य कुणालाही लिहिता येतं. त्या दोन नावांनंतर मात्र ते लिहायची गरज उरत नाही. आणि सुरुवातीच्या काळात त्या उजाड माळावर वस्ती टिकली त्यात राधाबाईंचा, म्हणजे लक्ष्मणरावांच्या पत्नीचा वाटा आहे. तो मोजल्याशिवाय ते चरित्र पुरं होत नाही.

घर हा या लेखांतला सगळ्यात अवघड भाग. 'कुटुंबवत्सल' हा शब्द लिहून पुढे सरकता येतं, आणि लेखकाने स्वतः तसं कितीदा तरी केलं आहे. प्रत्यक्षात दुकानदार पहाटे उठतो, दुपारी फळ्या लावून जेवायला येतो, तासभर पडतो आणि रात्री नऊनंतर परततो. मुलं त्याला झोपलेला किंवा घाईत असलेलाच बघतात. त्या भुसारी शेठच्या मुलाने आधी हेच सांगितलं होतं, आवाजात थोडी तक्रार ठेवून: "बाबा आम्हाला दुकानातला खाऊसुद्धा असाच देत नसत."

वह्या चाळताना लेखकाला त्याचं कारण सापडलं. प्रत्येक वर्षीच्या वहीत एका पानावर नाव होतं 'घर'. घरी गेलेली साखर, चहा, डाळ, नातेवाईक आले त्या दिवशीचे जास्तीचे पोहे, सगळं त्या पानावर इतर गिऱ्हाइकांच्याच भावाने लावलेलं. महिनाअखेरीला शेठ स्वतःच्या खर्चाच्या पैशातून ती रक्कम गल्ल्यात भरत आणि जमेला लिहीत. एका श्रावणात 'लिमलेट गोळ्या, 10 पैसे' अशी नोंद होती. मुलाने ते पान हातात घेतलं आणि बोटाने त्या ओळीखालून पुन्हा पुन्हा रेघ ओढत राहिला. त्या गोळ्या त्याला आठवत होत्या. आपल्या नावे त्या कुणी विकत घेतल्या होत्या, हे त्याला माहीत नव्हतं. स्मरणिकेची दुसरी आवृत्ती काढायची असं घरच्यांनी त्याच दुपारी ठरवलं. पहिला लेख काढून टाकला आणि 'घर' या पानापासून नवा सुरू केला.

तेव्हापासून कामाची पद्धत बदलली. तेराव्याच्या आत लेखक कुणाशी बोलत नाही, तेव्हा लोक फक्त चांगलंच बोलतात. आधी वही, मग बायको, मग दुकानातून कधीकाळी काम सोडून गेलेला नोकर. सोडून गेलेला नोकर फार कामाचा माणूस. त्याला कुणाला खूश करायचं नसतं, आणि त्याने चांगलं सांगितलं तर ते लेखात बिनधास्त घ्यावं. संस्थांची यादी शेवटी, एका ओळीत. कठोरपणाच्या, चुकलेल्या अंदाजाच्या, भावाशी झालेल्या वाटणीच्या गोष्टी घरच्यांना विचारून ठेवायच्या. बहुतेक घरं हो म्हणतात. नाही म्हणणाऱ्यांचाही मान राखायचा.

आता हे काम कठीण होत चाललं आहे. वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपालिका मिळून 3 जुलै 2009 रोजी महानगरपालिका झाली. गावाचं शहर होताना बाजारपेठेतली जुनी कौलारू दुकानं इमारतींच्या तळमजल्यात गेली. नव्या गाळ्यात माळा नसतो, त्यामुळे वह्यांची पेटी सगळ्यात आधी बाहेर जाते. गेल्या काही वर्षांत तीन घरांत लेखक पोचला तेव्हा वह्या नुकत्याच रद्दीत गेल्या होत्या. एका घरात रद्दीवाला कोण हे शोधून तो त्याच्या गोदामापर्यंत गेला. तिथे फक्त लाल कापडाचे पुठ्ठे उरले होते, कागद पुढे गेला होता.

म्हणून वसईतल्या, आणि वसईसारख्या कुठल्याही गावातल्या घरांना एक विनंती. आजोबांच्या दुकानाच्या वह्या अजून असतील, तर त्या विकण्याआधी एक सुटीची दुपार काढा. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवा, मोडी अक्षर असेल तर वाचता येणारा कुणी बोलवा. वही शेवटाकडून उघडा, आषाढाच्या पानांपासून.