बरोबरची खूण

बरोबरच्या खुणेशी माणसाची पहिली ओळख होते ती पाटीवर. बाईंनी खडूने ती ओढली की पोर धावत घरी येते आणि आईच्या पदराने ती पुसली जाऊ नये म्हणून पाटी दुरूनच दाखवते. पुढे वह्या येतात, उत्तरपत्रिका येतात आणि ती खूण आपल्याला भेटतच राहते. ज्याने ती केली त्याने आपले लिहिलेले वाचले असणार, असे आपण धरूनच चालतो. मीही चालत होतो. हा विश्वास खरे तर विद्यापीठाच्या परीक्षेनेच उडायचा, पण ते श्रेय एका मोटारसायकलीच्या नशिबी होते.

आमच्या घरात मोटारसायकल आली ती २०१९ च्या दसऱ्याला. साखर पेठेत आमच्या दोन खोल्या. आजोबा लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये कामाला होते. वडील, म्हणजे आमचे अण्णा, अक्कलकोट रोडच्या एम. आय. डी. सी. त यंत्रमागावर चादरी विणतात. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळाले, तिचे नाव देशभर झाले. ती विणणारा माणूस मात्र पंचवीस वर्षे सायकलवरूनच कारखान्यात जात होता. अखेर हप्त्याहप्त्याने शंभर सी. सी. ची एक गाडी दारात आली. झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवले, आणि गल्लीतल्या पोरांना एकेक फेरी मारून आणता आणता पहिल्या दिवसाचे पेट्रोल तिथेच संपले.

पुढची चार वर्षे गाडीने काही कुरकुर केली नाही. मे २०२३ मध्ये मात्र मागचा ब्रेक लागेनासा झाला. अण्णांना पाळी चुकवता येत नव्हती, म्हणून गाडी सर्व्हिसिंगला नेण्याची कामगिरी अस्मादिकांवर आली. मी त्या वेळी बी. ए. च्या पहिल्या वर्षात होतो. गाडी जिथे घेतली त्याच शोरूममध्ये नेली. त्याचे नाव इथे सांगत नाही; सांगून वाचकांचा काही फायदा नाही. बाहेर सोलापूरचा मे महिना रटरटत होता आणि आत एअर-कंडिशनर, टी. व्ही., कॉफीचे यंत्र असा थाट होता. काउंटरवरच्या बाई मला म्हणाल्या, “सर, बसा.” आयुष्यात मला प्रथमच कोणी ‘सर’ म्हटले होते. त्या एका शब्दाने माझी चौकस बुद्धी निम्मी तरी गार झाली असावी.

संध्याकाळी गाडी मिळाली. धुऊन पुसून अशी चकचकीत केली होती की ती आपलीच का, हे मी नंबर पाहून ठरवले. हातात एक जॉब कार्ड दिले. त्यावर तीस ओळी होत्या: इंजिन ऑइल, चेन, टॅपेट, पुढचा ब्रेक, मागचा ब्रेक, आणि असेच बरेच. प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण. तिसांच्या तिसही खुणा एकाच बाजूला कललेल्या, एकामागून एक चाललेल्या मेंढरांसारख्या. बिल अठराशे चाळीस रुपये. तळाशी ‘ग्राहक समाधानी आहे’ असा चौकोन होता. बाईंनी बोट ठेवले, मी तिथे खूण केली, सही ठोकली आणि निघालो.

शांती चौकापर्यंत आलो तेव्हा जाणवले की ब्रेक दाबला की मागून ‘टक्’ असा आवाज येतो. परत गेलो. एका सुपरवायझरने गाडीकडे न पाहताच सांगितले, “नवे ब्रेक शू हायेत दादा. दोन दिवसांत सेट होईल.” मला बरे वाटले. घरी अण्णांनीही आवाज ऐकला. मी म्हणालो, “सेट होईल म्हणालेत.” हे वाक्य मी किती ऐटीत म्हणालो होतो, ते मला अजून आठवते.

गाडीचा तो आवाज काही सेट झाला नाही. जूनमध्ये पहिला पाऊस पडला त्या संध्याकाळी अण्णा कारखान्यातून येत होते. पुढची रिक्षा अचानक थांबली, म्हणून त्यांनी ब्रेक दाबला. मागचे चाक जागच्या जागी जखडले आणि गाडी आडवी झाली. डोक्यावर हेल्मेट होते म्हणून पुढचे संकट टळले. उजवे मनगट मात्र मोडले. डॉक्टरांनी सहा आठवड्यांचे प्लास्टर घातले.

यंत्रमागावर जितके कापड, तितकी मजुरी. मनगट गेले म्हणजे सहा आठवड्यांचा पगार गेला. आई विड्या वळते. त्या दिवसांत तिच्या सुपातली तेंदूची पाने रात्री उशिरापर्यंत दिव्याखाली दिसू लागली. मला कोणी एका शब्दाने बोलले नाही. बोलले असते तर सोपे गेले असते.

मी शोरूममध्ये गेलो. त्याच सुपरवायझरने कपाटातून आमचे कार्ड काढले आणि माझ्यापुढे धरले. “हे बघा. मागचा ब्रेक, टिक हाय. पावसात घसरली असंल गाडी.” त्याच्या बाजूने कागद होता आणि माझ्या बाजूने अण्णांचा हात. आपल्याकडे अशा लढतीत कोण जिंकते ते वाचक जाणतातच.

गाडी टेम्पोत घालून मी मेकॅनिक चौकात नेली. तिथे अण्णांच्या ओळखीचे एक उस्ताद आहेत. वय सत्तरीकडे झुकलेले. मी घाईघाईने सगळी हकिकत सांगायला लागलो, तर म्हणाले, “तू चूप बैठ बेटा. गाडी को बोलने दे.” मग पाच-दहा मिनिटे ते हत्यार न उचलता मागच्या चाकापाशी नुसते उकिडवे बसून राहिले. शेवटी मला बोलावून त्यांनी एक रिकामे भोक दाखवले.

त्यांनी जे समजावले ते असे. मागच्या चाकाच्या ड्रममध्ये ब्रेक शू असतात आणि ते एका गोल प्लेटवर बसवलेले असतात. ब्रेक दाबला की शू ड्रमला घासतात आणि चाक त्या प्लेटलाही आपल्याबरोबर फिरवू पाहते. ती फिरू नये म्हणून एका लोखंडी पट्टीने तिला चिमट्याशी जखडलेले असते. त्या पट्टीचा बोल्ट, बोल्टाला नट, आणि नट हादऱ्याने सुटू नये म्हणून आरपार एक बारीकशी पिन. पिन घातली, तिची टोके वाकवली, की नट जागचा हलत नाही. आमच्या गाडीचे शू बदलताना जुनी पिन काढली होती. नवी घातलीच नाही. नट हळूहळू ढिला होत गळाला, मग बोल्ट गेला. त्या संध्याकाळी ब्रेक दाबताच प्लेट चाकाबरोबर फिरली आणि चाक अडकले. ‘टक्’ हा आवाज त्या पट्टीचाच होता. ती नऊ दिवस आम्हाला सांगत होती.

“किती रुपयांची असते ही पिन?” मी विचारले.

उस्तादांनी डब्यातून चिमूटभर पिना काढून माझ्या तळहातावर ठेवल्या. “ये मैं गिन के नहीं बेचता,” ते म्हणाले.

त्यांची काम करण्याची रीत मी त्या दिवशी पाहिली. जमिनीवर जुने वर्तमानपत्र पसरायचे. गाडीतून निघालेला प्रत्येक नट, वायसर, स्प्रिंग ओळीने त्यावर ठेवायचे. काम संपले की कागद रिकामा झाला पाहिजे. त्यावर काही उरले तर काम झाले नाही. मी म्हणालो, “उस्ताद, तुम्ही जॉब कार्ड ठेवत नाही?” त्यांनी त्या ऑइलने माखलेल्या वर्तमानपत्राकडे बोट केले.

आमच्या राज्यशास्त्राच्या सरांना मी हे सारे सांगितले. वर्गात ज्या गोष्टी आम्ही ‘अपेक्षित प्रश्न’ म्हणून पाठ करतो त्या प्रत्यक्षात कामी येतात, हा शोध मला त्या दिवशी लागला. सरांनी सांगितले की बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले तेव्हा ग्राहकासाठी असा कायदाच नव्हता. तो पुढे १९८६ मध्ये आला. त्याच्या जागी आता २०१९ चा कायदा आहे आणि तो जुलै २०२० पासून लागू झाला. पैसे घेऊन केलेल्या कामाच्या दर्जात किंवा पद्धतीत काही दोष, काही उणीव राहिली, तर त्याला ‘सेवेतील त्रुटी’ असे नाव आहे. दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी पडत नाही, आणि वकील दिलाच पाहिजे असेही नाही. “पण आधी त्यांना पत्र लिही,” सर म्हणाले, “आणि त्यात विशेषणे घालू नकोस. तारखा घाल.”

मी चार पाने लिहिली होती. विशेषणे काढल्यावर दीड उरले. सोबत बिल, कार्ड, रिकाम्या भोकाचा फोटो आणि उस्तादांचे निवेदन जोडले. ते त्यांनी सांगितले, मी लिहिले, आणि खाली त्यांनी उर्दूत सही केली. आठव्या दिवशी बोलावणे आले.

अण्णा गळ्यात हात अडकवून माझ्याबरोबर आले. मॅनेजर बोलायला सौम्य होते. त्यांनी चहा मागवला आणि एका पोराला आत बोलावले. “यानं काम केलं होतं. याला आजच कमी करतो,” ते म्हणाले. ते पोर माझ्याच वयाचे. आय. टी. आय. करून नुकतेच लागलेले. नखांत ग्रीस, मान खाली. मला मनातून आनंद झाला, हे कबूल केले पाहिजे. ज्याच्यावर राग काढायचा तो सुपरवायझर, तो मॅनेजर की ते कार्ड, हे दोन आठवडे कळत नव्हते. आता माणूस समोर उभा होता.

अण्णांनी त्याला विचारले, “पिन कुठं गेली रं बाळा?”

“जुनी तुटली काका. नवी आणाया स्टोअरला गेलतो. तिथं गर्दी हुती. तवर दुसरी गाडी आली माझ्याकडं. मग इसरलो.”

“आन् कार्डावर टिक कशी काय?”

पोराने मॅनेजरकडे पाहिले आणि पुन्हा मान खाली घातली. “टिका सकाळीच मारतो. समदेच मारत्यात. धाच्या आत कार्ड भरून द्यावं लागतंय. मग दिसभर काम.”

“दिवसाला किती गाड्या?”

“दोघांत अठरा.”

कोणी काही बोलेना. अण्णांनी डाव्या हाताने कप खाली ठेवला. ते फार बोलणारे गृहस्थ नव्हेत. म्हणाले, “साहेब, मागावर धागा तुटला की माग थांबवून गाठ मारावी लागती. न थांबवता हाणलं तर पुढं हातभर चादर बाद हुती, आन् मजुरी माझी कापत्यात. ते मला मान्य हाय. पण मालकानंच माग थांबवू दिला न्हाई, तर चूक कुणाची धरायची? या पोराला काढू नका. ह्याला काढून दुसरा आणला तर तोबी सकाळीच टिका मारंल.”

मी मनातल्या मनात ज्याला बडतर्फ केले होते, त्याला अण्णांनी दोन वाक्यांत परत कामावर घेतले.

तडजोड झाली ती कागदावर झाली. सहा आठवड्यांची मजुरी, औषधपाणी आणि दुरुस्तीचा खर्च मिळाला. पोराची नोकरी राहिली. शिवाय ब्रेक आणि चाकांची ओळ सकाळी भरायची नाही. काम झाल्यावर ग्राहकाला दाखवून, काम करणाऱ्याच्या सहीने भरायची, असे लिहून घेतले. शोरूमचा सारा कारभार त्यामुळे पालटला, असे मी म्हणणार नाही. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा बाकीच्या ओळींतली मेंढरे पूर्वीसारखीच एका बाजूला कललेली होती. पण ते पोर मला पाहून स्वतःहून आले, गाडी स्टँडवर लावली आणि म्हणाले, “दादा, पिन बघून घ्या.”

ते जुने कार्ड अजून माझ्याकडे आहे. तक्रारीसाठी त्याची प्रत काढताना मी ते अनेकदा वाचले होते, पण एक गोष्ट फार उशिरा ध्यानात आली. त्यावर तीस नव्हे, एकतीस खुणा आहेत. एकतिसावी तळाच्या चौकोनात, ‘ग्राहक समाधानी आहे’ या शब्दांपुढे. ती माझी. गाडी न तपासता, यादी न वाचता, ‘सर’ म्हटल्याच्या आनंदात केलेली. त्या पोराने निदान स्टोअरपर्यंत जाऊन पाहिले होते. मी तर खुर्चीतून उठलोही नव्हतो. आणि पुढे आवाज कानांनी ऐकूनही मी तीच खूण तोंडाने अण्णांपुढे पुन्हा केली.

अण्णा कधीचेच मागावर परतले आहेत. थंडीत मनगट दुखते, तेवढे सोडले तर हात चालतो. गाडी सर्व्हिसिंगहून आणताना मी आता शोरूमच्या दारातच उकिडवा बसतो आणि मागच्या चाकापाशी हात घालून ती पिन बोटाने चाचपतो. बोटाला ग्रीस लागते. ते तसेच कार्डावर उमटते, आणि मग मी सही करतो.