पांढरा गंज

गंज म्हटलं की डोळ्यांपुढे लाल रंग येतो. गेटचा, पत्र्याचा, उघड्यावर राहिलेल्या साखळीचा. रेडिएटरवाल्या मोटारसायकलच्या पोटातला गंज बहुधा पांढरा असतो. म्हणून तो कुणाला गंज वाटतच नाही.

मे महिन्यात, सोलापूरच्या भर उन्हाळ्यात, एक दोनशे सीसीची गाडी आली. सिग्नलला थांबलं की टेंपरेचरचा दिवा लागतो, पंखा बंदच होत नाही, अशी तक्रार. इंजिन थंड होऊ दिलं. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, हे मी पोरांना पान्यांचे नंबर शिकवायच्या आधी शिकवतो. मग वॉटर पंपाचं कव्हर काढलं. आत पिठासारखा पांढरा थर होता. बोटानं पुसला, तर खाली ॲल्युमिनियमला टाचणीच्या टोकाएवढे खड्डे. होजच्या तोंडाशीही खडूसारखी कड धरलेली.

"कूलंट कधी बदललं?"

"बदललं नाही काका. कमी झालं की पाणीच टाकत होतो. बोअरचं."

ॲल्युमिनियमच्या अंगावर ऑक्साइडचा अगदी पातळ पापुद्रा असतो, तेच त्याचं चिलखत. बोअरच्या पाण्यातले क्लोराइड ते जागोजागी फोडतात आणि तिथून धातू खायला लागतात. कॅल्शियम-मॅग्नेशियमचा क्षार बसतो तो सगळ्यात तापणाऱ्या जागी, हेडभोवती, म्हणजे नेमकी जिथली उष्णता पाण्यानं उचलायला हवी तिथे. गीझरच्या कॉइलवर साचतो, तोच हा क्षार. पाणी उकळून गार केलं तरी क्लोराइड जात नाहीत. म्हणून मी बॅटरीच्या दुकानातलं डीमिनरलाइज्ड पाणीच वापरतो.

आमच्याकडे पाणी कधी गोठत नाही, मग कूलंट कशाला, असं पुष्कळ जण विचारतात. कूलंटमधल्या ग्लायकॉलनं पाणी उशिरा उकळतं, हे खरंच. पण माझ्या लेखी त्याहून मोलाचं आहे ते त्यात मिसळलेलं थोडंसं गंजरोधक रसायन. ते वापरात संपत जातं. रंग मात्र टिकतो. हिरवंगार दिसणारं कूलंटही आतून रिकामं झालेलं असू शकतं, म्हणून रंगावर न जाता तारखेवर जायचं. गाडीच्या पुस्तकात दोन वर्षं लिहिली असतील तर दोन, तीन असतील तर तीन.

आणि कूलंट कमी का होतं, हेही बघायला हवं. पंपाखाली एक बारीक भोक असतं. तिथून थेंब गळत असेल तर आतलं सील गेलं. या गाडीचं तेच झालं होतं.

सील बदललं, कव्हर नवं घातलं. स्वच्छ पाणी निघेपर्यंत तीनदा फ्लश केलं. कूलंट निम्मं-निम्मं मिसळून हळूहळू ओतलं, होज दाबत, गाडी डावी-उजवी कलवत, बुडबुडे थांबेपर्यंत. हवा अडकली तर सगळी मेहनत वाया. काढलेलं कूलंट झाकणाच्या कॅनमध्ये भरून ठेवलं. ते चवीला गोड आणि विषारी असतं, आणि दुकानासमोर कुत्री झोपतात.

कूलंटच्या टाकीवर पट्टी चिकटवून त्यावर तारीख लिहिली. उरलेलं अर्धा लिटर तयार कूलंट गाडीमालकाच्या हातात दिलं. दुसऱ्या जातीचं मिसळलं तर कधी कधी आत जेलीसारखा गाळ होतो, म्हणून बाटलीवरचं नावही वाचून दाखवलं.

"कमी झालं तर यातलंच टाक. आणि टाकायला लागलं, की त्याच दिवशी गाडी घेऊन ये."