आईच्या पोटातले पन्नास हजार फोटो

आमच्या आईला काहीही होवो, उत्तर ठरलेलं: ‘काही नाही रे, जरा दमलेय.’ त्यामुळे रिपोर्टवर हिमोग्लोबिन ७ दिसलं तेव्हा मी हादरलोच. घशातून दुर्बीण घालून झाली, खालून झाली. दोन्ही नॉर्मल. रक्त जातंय, पण कुठून? डॉक्टर म्हणाले, ‘मधलं लहान आतडं राहिलंय. पाच-सहा मीटरचं. तिथे या नळ्या पोचत नाहीत. कॅप्सूल देऊ.’

कॅप्सूल म्हणजे अक्षरशः कॅप्सूल. २६ मिलिमीटर लांब, ११ जाड. आत लेन्स, कॅमेरा, इवलेसे दिवे, बॅटरी आणि ट्रान्समीटर. सेकंदाला दोन फोटो, आठेक तास. मूळ डोकं गॅव्रिएल इडान या इस्रायली इंजिनिअरचं. हा गडी आधी क्षेपणास्त्रांच्या ‘डोळ्यां’वर काम करायचा! अमेरिकेत २००१ मध्ये या कॅप्सूलला परवानगी मिळाली.

नळीवाल्या लवचीक दुर्बिणीमागे तर आपल्या मोग्याचे नरिंदरसिंग कपानीही आहेत. १९५४ मध्ये त्यांनी आणि हॅरल्ड हॉपकिन्सनी लंडनमध्ये काचेच्या तंतूंच्या जुडग्यातून चित्र पलीकडे पोचवून दाखवलं. मग १९५७ मध्ये बेसिल हर्शोविट्झ या डॉक्टरने तशी दुर्बीण आधी स्वतःच्याच घशात घातली. इथे ब्रश जरा आत गेला तरी आपल्याला उमासे!

आतडं कुठे अरुंद असेल तर कॅप्सूल अडकू शकते, असं फॉर्मवर लिहिलं होतं. मला सॉलिड टेन्शन. आईने ती पाण्याबरोबर गिळली आणि कमरेच्या रेकॉर्डरवर पदर सारखा केला. ‘तू ऑफिसला जा.’ गेलो नाही.

पन्नासएक हजार फोटो निघाले. डॉक्टरांनी बसून सगळे पाहिले. त्यातल्या तीन फोटोंत एक लाल ठिपका होता, फुगलेल्या रक्तवाहिन्यांचा छोटा पुंजका. कॅप्सूल नुसती बघते. थांबून काही करू शकत नाही. त्यामुळे तो जाळायला लांब दुर्बीण घालावी लागणार. पुढच्या मंगळवारची तारीख मिळाली.

आईने स्क्रीनवर तो ठिपका बराच वेळ पाहिला.

‘एवढंसंच?’ मग माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘वर्ष झालं रे, जिना चढताना धाप लागते मला.’