माळ्यावर कट्टे टाकण्याआधी
भाव पडला की सोयाबीन घरातच ठेवावं लागतं, अन् जागा उरते ती माळ्याची. पण ५० किलोचे २० कट्टे म्हणजे १० क्विंटल वजन डोक्यावर. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत दगडी भिंती अन् मातीच्या जड माळवदाखाली माणसं दबली, ते आपण विसरलो नाहीत.

म्हणून यंदा फळ्या ठोकायच्या आधी तुळया तपासल्या. भिंतीतली टोकं टोचून बघितली. जिथं भुसा पडला ती तुळई बदलली. बाकी तुळयांना शेजारून नवं लाकूड नटबोल्टनं आवळलं, दोन्ही टोकं भिंतीवर टेकवून. २ बाय ४ इंची लाकूड उभं बसवलं तर आडव्यापेक्षा दुप्पट वजन पेलतं. कट्टे तुळईच्या टोकांकडं, भिंतीलगत लावा. मधोमध थप्पी नको. खाली लेकरं झोपतात.