खारीचा वाटा

अब्बा गेले तेव्हा मी विस्कॉन्सिनमध्ये होतो. तिकीट मिळेपर्यंत रत्नागिरीत दफनही झालं. आपल्यात मयत थांबवत नाहीत, तक्रार कुणाकडे करणार? त्यांच्या नावानं झाड लावायचं ठरवलं. आंबा इथल्या बर्फात जगणार नाही, म्हणून इथल्याच मातीतलं हेझलनटचं रोप आणलं.

फारसीत हे फंदुक, अरबीत बुंदुक. या गोल फळावरून गोळीला, गोळीवरून बंदुकीला नाव पडलं. अम्मीला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "बापाच्या नावानं बंदूक लावलीस होय रे?" पुष्कळ दिवसांनी ती हसली.

पाच वर्षांत झुडूप माझ्याहून उंच झालं. बर्फ वितळताना, पानं फुटायच्या आधीच, फांद्यांवर तुरे लोंबायचे. फळ मात्र एकही नाही. वाटलं, रोप भलतंच दिलं असेल. अल्डरलाही असेच तुरे येतात. पण त्याच्यावर जुनी लाकडी बोंडं टिकून राहतात, माझ्या झुडपावर ती नव्हती. पानाच्या देठावर बोट फिरवलं, राठ लव लागली. म्हणजे अमेरिकन हेझलनटच. दुसऱ्या देशी जातीत फळाचं आवरण चोचीसारखं लांबतं आणि त्याची कुसं बोटात घुसतात.

शेजारच्या आजींनी कळ्या नीट बघायला सांगितलं. टोकाला केशराच्या काड्यांसारखे इवले लाल धागे होते. ते मादीफूल, तुरे नर. दोन्ही एकाच झुडपावर, पण स्वतःचा पराग चालत नाही. वाऱ्यावर दुसऱ्याचा यावा लागतो. मुळातून आलेला फुटवाही उपयोगाचा नाही, तो तोच जीव.

आजींनी दिलेलं बी हिवाळ्याआधी पेरलं. तीन-चार महिने ओली थंडी मिळाल्याशिवाय ते उगवत नाही. वर जाळी टाकली. चार वर्षांनी त्यालाही तुरे आले.

त्याच वर्षी पहिल्या झुडपाला झालरीच्या आवरणातली फळं धरली. पिकायची वाट बघत राहिलो आणि खारींनी दोन दिवसांत झुडूप साफ केलं. मराठीत खारीचा वाटा म्हणजे एवढासा. इथे खारींनी माझ्यासाठी वाटा ठेवला होता. अकरा फळं.

मी फोनवर चिडचिड केली. अम्मी म्हणाली, "मदरशात काय शिकलास? लावलेल्या झाडाचं पाखरानं, जनावरानं खाल्लं तरी सदकाच ना? अब्बांना पोचलं समज."

दोन फळं फोडून खाल्ली. नऊ पेरलीत, जाळीखाली.